शीतपेटीसमोरचे चार तास

एकदा एक वयोवृद्ध परीक्षक कारखान्यातल्या शीतपेटीसमोर चार तास नुसते बसून राहिले. पाहुणे खोळंबले होते, तरी ते उठले नाहीत. त्यांनी असं का केलं, हे त्यांच्या शिष्येला त्याच दिवशी कळलं, आणि ते कळणं तिला फार जड गेलं.

कारखाना चाकणजवळचा. तिथे मोटारींच्या एअरबॅगवरची झाकणं तयार होत. स्टिअरिंगच्या मधोमध असतं ते झाकण. दिसायला साधं प्लास्टिक. पण त्याच्याकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टींची अपेक्षा असते. ऊन, गारठा, रोजचे धक्के सोसत ते वर्षानुवर्षं अभंग राहिलं पाहिजे. आणि अपघात झालाच, तर पापणी लवायच्या आत, आतून कोरलेल्या बारीक रेषेवर फाटून त्याने एअरबॅगला वाट दिली पाहिजे. फाटताना त्याचा कपचाही उडता कामा नये, कारण समोर माणसाचा चेहरा असतो.

तपासणी विभागाचे प्रमुख होते विद्याधर खांबेटे. त्यांच्या हाताखाली केतकी वाळिंबे ही तरुण अभियंता चार वर्षं काम शिकत होती. नव्या झाकणांसाठी रबरासारखं लवचीक आणि तरीही टिकाऊ प्लास्टिक तिनेच निवडलं होतं. सरांना तिचं कौतुक होतं आणि ते तिला ठाऊकही होतं.

नियम असा होता, की प्रत्येक नव्या मालातली तीन झाकणं एअरबॅगवर बसवून उणे पस्तीस अंशांच्या शीतपेटीत चार तास ठेवायची आणि बाहेर काढताच एअरबॅग उडवून पाहायची. त्या दिवशी माल न्यायला ट्रक दारात उभा होता. उष्णतेची चाचणी झाली होती, साध्या तापमानातली झाली होती. आधीचे दोन्ही माल थंडीत उत्तम उतरले होते. एवढी थंडी आपल्याकडे पडते तरी कुठे, असं केतकीने स्वतःला समजावलं. चाळीस मिनिटांतच तिने पेटी उघडली आणि चाचणी घेतली. तिन्ही झाकणं नीट फाटली. अहवालात तिने ‘चार तास’ लिहून सही केली. खाली खांबेटे सरांनी सही केली आणि ट्रक गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सरांनी त्याच मालातली मागे ठेवलेली तीन झाकणं मागवली, एअरबॅगवर बसवून शीतपेटीत ठेवली, आणि समोर स्टूल ओढून बसले. हातात ना पुस्तक, ना फोन.

केतकी आत आली आणि थबकली. “सर, हा माल तर पास झालाय.”

“हो. अहवाल वाचला मी.”

“मग?”

“चार तास बसायचं म्हणतो.”

एवढंच बोलून ते पुन्हा पेटीकडे पाहू लागले. अकराच्या सुमारास व्यवस्थापक आले. “सर, पाहुणे आलेत. तुमची वाट बघताहेत.”

“त्यांना कारखाना दाखवा. मी दोननंतर येतो,” सर म्हणाले.

केतकी आपल्या टेबलाशी गेली, पण तिला काही सुचेना. परत येऊन तिने दुसरं स्टूल घेतलं आणि सरांच्या शेजारी बसली. सरांनी तिला चहा घेतलास का, एवढं विचारलं. त्यांच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. पेटीचं यंत्र घरघरत होतं. एक तास गेला. तिला आठवलं, की त्या दिवशी आपण एवढाही वेळ दिला नव्हता. दुसरा तास संपला तेव्हा तिचे कान तापले होते आणि सरांकडे मान वळवणंही तिला अवघड झालं होतं.

एक वाजून गेल्यावर ती खाली बघत म्हणाली, “सर, मी चार तास ठेवली नव्हती. चाळीस मिनिटांत काढली.”

“माहीत आहे,” सर म्हणाले. “पेटी तापमानाचा आलेख कागदावर काढत असते. आज सकाळी तो कागद बदलताना दिसलं.”

“मग मला विचारलं का नाहीत?”

“विचारलं असतं तर तू घाबरून आधी स्वतःला वाचवलं असतंस. एक खोटं झालं होतं, दुसरं माझ्यामुळे व्हायला नको होतं.” मग ते पुढे म्हणाले, “आणि मी इथे तुझ्यासाठी बसलेलो नाही, केतकी. तुझ्या सहीखाली माझी सही आहे. तो कागद मी सही करण्याआधी पाहायला हवा होता. तुझं काम चांगलं असतं म्हणून पाहिला नाही. चार तास लागतात असं इतरांना तीस वर्षं सांगत आलो, आणि माझ्या सहीला चार सेकंदही लागले नाहीत. त्याची लाज वाटते मला.”

आपल्यामुळे या माणसाला मान खाली घालावी लागली, हे केतकीला स्वतःच्या चुकीपेक्षा अधिक लागलं.

दोन वाजता त्यांनी पेटी उघडली आणि झाकणं चाचणीच्या खोलीत बसवली. जाड काचेपलीकडे, चालकाचा चेहरा असतो त्या उंचीवर, फोमचा पांढरा तक्ता उभा होता. पहिली एअरबॅग उडाली. झाकण रेषेवर सरळ फाटलं. केतकीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच तिला लाज वाटली. दुसरं झाकणही नीट फाटलं. तिसऱ्याचा एक कोपरा तडकला. आत जाऊन पाहिलं, तर नखाएवढा अणकुचीदार तुकडा फोममध्ये रुतून बसला होता.

सरांनी तो चिमट्याने काढून तिच्या तळहातावर ठेवला. तो अजून थंड होता.

“माल घेतलेल्या मोटार कंपनीच्या गोदामात फोन मी करते,” केतकी म्हणाली.

“काय सांगशील?”

“माल मोटारींवर बसवू नका, म्हणून. चाचणी मी पुरी केली नव्हती, म्हणून.”

“पाहुणे त्याच कंपनीचे आहेत. आधी त्यांच्यासमोर जाऊ. तुझं सांगून झालं, की माझं मी सांगेन.”

पाहुण्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं. गोदामात फोन गेला. एकही झाकण अजून मोटारीवर चढलं नव्हतं. सगळा माल परत आला. कारखान्याचं नाव खराब झालं, केतकीची बढती हुकली, आणि सरांना निवृत्तीच्या उंबरठ्यावर आयुष्यातलं पहिलं खुलासापत्र लिहावं लागलं. तिने ते वाचलं. त्यात तिच्यावर ढकललेलं एकही वाक्य नव्हतं.

काही दिवसांनी ती त्यांना म्हणाली, “सर, सगळं सांगून टाकलं, की मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही.”

“माझंही झालेलं नाही,” खांबेटे सर म्हणाले. “घाई करू नकोस. ही लाज आपल्याला काही दिवस कामाची आहे.”

केतकीने मान हलवली आणि नव्या मालाची तीन झाकणं उचलून ती शीतपेटीकडे गेली.

लाज वाटली म्हणून माणूस लहान होत नाही. ती लपवायची ठरवली, तर मात्र त्याला रोज थोडं लहान व्हावं लागतं.