तिळू मुंगी आणि सायकलीचं मडगार्ड

एक होती मुंगी. तिचं नाव तिळू. गुलाबमिस्त्रीच्या सायकल दुकानासमोर होतं एक डबकं. डबक्याच्या काठाला तिळूचं घर. घराला दारं दोन. घरात अंडी तीन.

एकदा सकाळी विजेची सायकल आली. तिचा आवाजच होत नाही! नुसतं सुंईऽऽ…

फच्याक!

चिखल उडाला. तिळूचं पुढचं दार बुजलं. गडप!

सायकल होती अनसूया नर्सताईंची. "मिस्त्री, मागचं मडगार्ड मोडलंय. नवं बसवून ठेवा. चारला येते," ताई म्हणाल्या, आणि चालत गेल्या.

आता दार उरलं एकच. आणि सायकल परत जाणार याच डबक्यातून! तिळू लटलट कापायला लागली. "तेही दार बुजलं तर? माझी बाळं आतच राहतील!"

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली चाकाकडे.

"चाका रे चाका, चिखल उडवू नकोस. मला फार भीती वाटते!"

चाक म्हणालं, "मी नाही ऐकणार! मी फिरलं की चिखल उडणारच. आधी डोक्यावर मडगार्ड चढू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. भिंतीवर लटकत होती दोन मडगार्डं.

"मडगार्डा रे मडगार्डा,
चाक ऐकेना,
मला फार भीती वाटते!"

पहिलं म्हणालं, "मी चिंचोळं. चाक जाडजूड. चिखल दोन्हीकडून उडेल."

दुसरं म्हणालं, "मी रुंद. मी पुरेन. पण सैल बसलं तर चाकाला घासेन. खर्रर्र! मलाही भीती वाटते. आधी नट बसू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. नट होता डबीत.

"नटा रे नटा,
मडगार्ड चढेना,
चाक ऐकेना,
मला फार भीती वाटते!"

नट म्हणाला, "सैल राहिलो तर रस्त्यात पडेन. टिण्ण! मलाही भीती वाटते. आधी पाना फिरू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. पाना होता फळीवर.

"पान्या रे पान्या,
नट बसेना,
मडगार्ड चढेना,
चाक ऐकेना,
मला फार भीती वाटते!"

पाना म्हणाला, "एकटा फिरलो तर खाली पडेन. धप्प! मलाही भीती वाटते. आधी मिस्त्री हलू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. गुलाबमिस्त्री बसला होता स्टुलावर. पाय वर घेऊन!

"मिस्त्रीकाका हो मिस्त्रीकाका,
पाना फिरेना,
नट बसेना,
मडगार्ड चढेना,
चाक ऐकेना,
मला फार भीती वाटते!"

"हळू बोल गं बाई!" मिस्त्री म्हणाला. "ही विजेची सायकल. हात लावला आणि झटका बसला तर? ताईंना हो म्हटलं, आणि सकाळपासून इथंच बसलोय. आधी कुणीतरी तिला हात लावून दाखवू दे."

एवढ्या मोठ्या मिशा, आणि त्याही थरथरत होत्या!

तिळूनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. घड्याळात तीन वाजले. टण, टण, टण.

"मी जाते," तिळू म्हणाली. अगदी बारीक आवाजात.

एक पाय ठेवला. थांबली. दुसरा पाय ठेवला. थांबली. मग सहाही पाय ठेवले. तुरुतुरु चाकावर. तुरुतुरु बॅटरीवर. बाई गं! तुरुतुरु हँडलवर.

झटका बसला? नाही बसला!

मिस्त्री ओशाळला. म्हणाला, "एवढीशी तू चढलीस, आणि मी बसून राहिलो!" त्यानं टुणकन उडी मारली.

मिस्त्री हलला,
पाना फिरला,
नट बसला,
मडगार्ड चढलं. रुंद, रुंद!

मिस्त्रीनं चाक फिरवून पाहिलं. गरगर, गरगर. कुठे घासलं? कुठेच नाही.

टक टक, टक टक. ताई आल्या! ताई सायकलवर बसल्या!

तिळू घराकडे पळाली. उरलेल्या दारात आडवी उभी राहिली. डोळे गच्च मिटले.

सुंईऽऽ…

फच्याक!

तिळूनं एक डोळा उघडला. मग दुसरा. चिखल मडगार्डला आपटला, आणि डबक्यातच पडला. दारावर थेंबसुद्धा नाही! चाकानं ऐकलं.

तिळू आत धावली. अंडी मोजली. एक, दोन, तीन. मधलं अंडं हललं. टुक! त्यातून डोकावलं एवढंसं डोकं.

"आई, बाहेर काय वाजलं? मला भीती वाटते."

तिळू त्याला बिलगून बसली. "मलाही वाटली होती रे," ती म्हणाली.

सायकल गेली आपल्या वाटेनं, तिळू राहिली आपल्या घरात, आणि गोष्ट शिरली तुमच्या पांघरुणात.