ढवळीची निवड

फार पूर्वी, गुरं आपलं कुरण आपणच राखत होती, तेव्हाची गोष्ट. त्या कुरणात तांबड्या फुलांच्या तिपानी चाऱ्याचे तीन वाफे होते. पुढच्या वर्षी कुरणभर सर्वांत चांगलं वाण असावं, म्हणून गुरांनी निवडीचं काम ढवळी गाईवर सोपवलं. तिचं वासरू अजून अंगावर पीत होतं. चारा निकस निघाला तर तिचं दूध आटणार होतं.

ढवळीनं मनापासून काम केलं. पहिल्या वाफ्याचे देठ राठ होते, दुसऱ्याची पानं कडवट. तिसरा मात्र कोवळा आणि गोड होता. तो ती रोज चाखायची, नवा फुटवा आला की पुन्हा चाखायची आणि सगळ्यांना सांगायची, "हाच."

वर्ष पालटलं. कुरणभर राठ आणि कडवट चाराच उगवला.

"माझी जीभ फसली का रे?" तिनं भुंग्याला विचारलं.

"मला काय ठाऊक, ढवळीताई? मी फुलं होती तिथं गेलो. तुझ्या आवडत्या वाफ्यात एकही फूल दिसलं नाही."

ढवळी गोंधळली. तिनं तर चांगल्यालाच चांगलं म्हटलं होतं. मग तिला आठवलं, त्या वाफ्याचा प्रत्येक फुटवा फुलून बी धरण्याआधीच तिनं चाखून संपवला होता. आता बांधाला त्या कोवळ्या चाऱ्याचा एकच ठोंब उरला होता. वासरानं त्याकडे तोंड नेलं, तशी ती मधे येऊन उभी राहिली.

"आई, हा चांगला नाही?"

"चांगला आहे, बाळा," ती म्हणाली आणि त्याला राठ देठांकडे घेऊन गेली.