येसूने सावरणं सोडलं

फार फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक नावाडी राहत होता. त्याला दारूचं व्यसन होतं. सकाळी तो उठला नाही, की त्याची बायको येसू दारात येऊन लोकांना सांगायची, "धन्याला ताप आहे." मग स्वतःच नाव हाकायची. त्याच्या चुकांची माफी तीच मागायची, त्याची भांडणंही तीच मिटवायची. गाव म्हणे, "अशी बायको मिळायला भाग्य लागतं!" ते ऐकून येसू सुखावायची.

एके दिवशी भर नदीत तिला घेरी आली. नाव गरगरली, बायका-पोरं किंचाळली. नावेत गावाला औषधपाणीही देणारी म्हातारी सुईण होती. तिने वल्हं धरून नाव कशीबशी काठाला लावली आणि येसूला आपल्या घरी नेलं.

"काय खाशील, पोरी?"

"त्यांना पिठलं आवडतं."

"मी तुझं विचारतेय."

आपल्याला काय आवडतं, हेच येसूला आठवेना. ती रडू लागली. "मी नसले तर त्यांचं कसं व्हायचं?"

"तू आहेस म्हणून त्याला कधी उठावंच लागलं नाही," सुईण म्हणाली. "आणि खरं सांग, तो उठला तर आपली गरज उरणार नाही, असं भय तुला वाटतं ना?"

येसूने पदराने डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "वाटतं."

दुसऱ्या सकाळी लोक दारात आले. आतून नावाडी ओरडला, "ताप आहे म्हणून सांग!"

येसू म्हणाली, "तुमचं तुम्हीच सांगा."

तो झोकांड्या खात बाहेर आला. सगळ्या गावाने पाहिलं. पंचांनी त्याच्याकडून नाव काढून घेतली आणि येसूकडे सोपवली. त्याने तिला नाही नाही ते ऐकवलं, मग बोलणंच टाकलं. तिचा जीव तुटायचा, पण ती सावरायला धावली नाही. संध्याकाळी मैत्रिणींत बसू लागली, गाऊ लागली.

शेवटी नावाडी आपल्या पायांनी सुइणीकडे गेला. "मला यातून सुटायचंय," म्हणाला. मध्ये एकदा घसरला, पुन्हा सावरला. पुढे पंचांनी त्याला दुसरी नाव दिली.

त्या दिवशी तो येसूला म्हणाला, "तेव्हा तू माझ्यासाठी खोटं बोलली नाहीस, हे तुझे उपकार."

येसूने सुइणीचे पाय धरले. "आई, तुम्ही आम्हा दोघांना वाचवलंत."

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: माया जरूर करावी, पण ज्याचं जगणं त्यालाच जगू द्यावं, आणि आपलं आपण जगावं.