कुंभाराची धामण

एका गावात एक कुंभार होता आणि त्याच्या गवताच्या गंजीत एक धामण होती. कुंभाराचं नाव शिदू. धामणीला नाव नव्हतं, पण लांबी होती. ती किती, हे शिदूच्या त्या दिवशीच्या मूडवर ठरे. कधी ती गंजीएवढी असे. तर कधी शेपूट गंजीत आणि तोंड पलीकडच्या गावच्या उंदरांत.

शिदूनं पहिल्याच दिवशी काठी उचलली होती. त्याची बायको अनसा आडवी आली. "राहू दे. बिनविषारी आहे. तुझ्यापेक्षा जास्त काम करते."

धामण राहिली. नऊ वर्षं राहिली. मग एका उन्हाळ्यात अनसा तापानं गेली आणि त्याच आठवड्यापासून धामणही दिसेनाशी झाली. शिदू सांगे, ती अनसाच्या तिरडीमागून वेशीपर्यंत गेली. तिरडीला खांदा दिलेल्या चौघांनी ती पाहिली नव्हती. पण त्याच्या तोंडावर तसं कुणी म्हणालं नाही.

तेव्हापासून शिदू रोज गंजीपाशी जाऊन उभा राही. मडकी घडवताना मध्येच उठे, जाऊन पाही, परत येई. चाकावरचं मडकं तोवर कलंडलेलं असे.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी गंजीच्या उबेला एक साप वेटोळं घालून पडला होता. शिदूच्या हातातला चिखल तसाच राहिला. "आलीस का गं!" म्हणत तो गुडघ्यावर बसला. साप हलला नाही. कुंभाराची ओळख बोटांत असते. मडकं कच्चं की पक्कं, ते तो वाजवून सांगतो. त्यानं हात पुढं केला.

"शिदबा, हात मागं घे!" मेंढ्या घेऊन चाललेला बिरू धनगर कुंपणापलीकडून ओरडला.

"अरे, आपलीच आहे. बघ, मला ओळखून जागची हलत नाही."

"म्हणूनच म्हणतो. नऊ वर्षांत तुझी धामण तुझ्यासाठी कधी थांबली होती का?"

शिदूचा हात हवेतच राहिला. कधीच नाही. पाऊल वाजलं की ती पळायची. अनसासाठीसुद्धा थांबत नसे. "मेली नुसती शेपूट दाखवते," म्हणून अनसा हसायची.

"आता नीट बघ," बिरू हळू आवाजात म्हणाला. "धामण लांब आणि सडपातळ. ही आखूड, मनगटापेक्षा जाड. डोकं तिकोनी, मान बारीक. आणि पाठीवर ती साखळी दिसते का? टपोऱ्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन ओळी? घोणस आहे ती. अशीच एक चावली, तेव्हा माझी मेंढी दुपारपर्यंतसुद्धा टिकली नव्हती."

"अनसानं पाठवली असेल तर?"

"वहिनीनं भाकरी पाठवली असती रे, घोणस कशाला पाठवेल?"

तेवढ्यात सापानं लोहाराच्या भात्यासारखा लांबलचक फुत्कार टाकला. शिदू बसल्या बसल्या मागं सरकला, चांगला पाच-सहा हात. बिरूनं काठी उचलली.

"मारू नकोस," शिदू म्हणाला. "ती आपल्या जागी गप्प पडली होती. मीच हात घेऊन गेलो."

दोघं लांब उभे राहिले. बऱ्याच वेळानं घोणस सावकाश उलगडली आणि कुंपणाखालून माळावरच्या गवतात निघून गेली.

शिदू खाली बसला. हातावरचा चिखल वाळून तडकला होता. "ती आता यायची नाही का रे, बिरू?"

"कोण? धामण का वहिनी?"

शिदूनं तळव्यावरचा वाळका चिखल खरवडला. मग म्हणाला, "धामण आली तरी चालेल."

तात्पर्य: ओढ मनात असावी, डोळ्यांत नसावी. हवं ते दिसू लागलं की समोरचं दिसत नाही; म्हणून साप असो वा माणूस, हात पुढं करण्याआधी लांबून नीट पाहून घ्यावं.