जादा दात

“पण चिमटा त्याच्याच हाती का, स्वामी?”

अखेर गिरिधरनं विचारलंच.

अच्युतस्वामींचा मठ दातांच्या औषधपाण्यासाठी पंचक्रोशीत नावाजलेला. दात काढायचा चिमटा ज्याच्या हाती, तोच स्वामींमागे मठ सांभाळणार, हे साऱ्यांना ठाऊक. गिरिधरनं इथं औषधं कुटण्यात उभी हयात घालवली, आणि काल-परवा आलेला दासोबा... आयत्या बिळावर नागोबा! गिरिधरच्या पोटात दुखत होतं, खोटं कशाला बोला. अन्न गोड लागत नव्हतं त्याला.



तेवढ्यात गोदाक्का परटीण लेकीला घेऊन आली. पोरीचे दुधाचे दात पडून नवे आले होते, पण वरचे समोरचे दोन वाकडे, फाकलेले. त्यांच्या मधोमध एक बारका दात ताठ उभा. पोरगी हसताना तोंडावर हात धरायची.

“यातला जादा कोणता?” स्वामींनी गिरिधरला विचारलं.

गिरिधरनं वाकड्यातल्या एकावर बोट ठेवलं.

स्वामींनी मान हलवली. म्हणाले, वाकडे दिसतात तेच हक्काचे. मधला ताठ उभा आहे, तो उपरा. त्यानं जागा अडवली म्हणून दोघं बाजूला ढकलले गेले. वय कोवळं आहे, आत्ताच काढला तर सरकून जागेवर येतील.

गिरिधरचा चेहरा उजळला. हाच न्याय हवा होता त्याला. दासोबाकडे तिरकं बघत तो म्हणाला, “म्हणजे मधेच घुसलेला उपटला, की हक्काचा आपल्या जागी येतो. असंच ना, स्वामी?”

“असंच...”

दासोबानं मान खाली घातली. पोरीला जवळ बसवून, गोष्टीत गुंगवून त्यानं तो दात काढला. तिला कळलं तेव्हा दात चिमट्यात होता. ते पाहून तर गिरिधरच्या अंगाचा तिळपापड झाला.

मायलेकी गेल्या. स्वामींनी गिरिधरला तिथंच बसवलं, आ करायला लावला, आणि दासोबाला सांगितलं, बघ याच्या तोंडात काही जादा आहे का.

दासोबानं वाकून सगळे दात मोजले.

“गिरिधरदादांचे बत्तीसच आहेत, स्वामी. सगळे जागच्या जागी.”

“नीट बघ, दासोबा... एक त्यानं तुझ्यावर धरलाय.”