तीन वाटांवरचा राजा

एका राज्यात राजा होता, प्रजा होती, भरली कोठारे होती. पण राजा जागा नव्हता. त्याचे नाव रत्नकेतू. एका मेलेल्या मांत्रिकाच्या तळघरात त्याला काळी अंगठी सापडली. ती त्याने बोटात घातली आणि घातल्या जागी कोसळला. नाडी इतकी मंद, की राजवैद्यांच्या हाताला कधी लागे, कधी लागत नसे. अंगठी साऱ्यांनी ओढून पाहिली. ती तसूभरही हलली नाही.

या आईवेगळ्या राजाला थोरल्या बहिणीने, हेमांगीने, वाढवले होते. तिने तीन ज्ञानी बोलावले.

आचार्य पिंगल म्हणाले, "लिंगदेह निघून गेला. तो वैतरणीच्या काठी उभा आहे. या देहाला अग्नी द्या, नाहीतर तो तिथेच तिष्ठत राहील."

योगिनी कालिंदी कडाडली, "अग्नी द्याल तर हत्या कराल! सूक्ष्म देह स्वप्नात हिंडतो आहे. परतेल तेव्हा त्याला घर नको?"

सिद्ध अचलनाथ नुसते हसले. "कोण गेला आणि कुठे गेला? राजा जागाच आहे. झोपला आहात तुम्ही."

हेमांगीचे डोके गरगरले. कालिंदीचे खरे असेल, तर चितेवर भाऊ जिवंत जळणार. पिंगलांचे खरे असेल, तर चितेवाचून तो अडकून पडणार. आणि अचलनाथांचे खरे असेल, तर आपण कोण?

प्रधान म्हणाला, "ताईसाहेब, सिंहासन रिकामे ठेवता येत नाही. तिसऱ्या दिवशी सूर्य टेकला, की मी आचार्यांचे मानीन."

"तीन दिवस पुरेत," हेमांगी म्हणाली. पुरतील की नाही, हे तिला ठाऊक नव्हते.

राजवाड्यातल्या चिंचेवर एक भारद्वाज पक्षी राहत असे. त्याला माणसाची वाचा होती आणि दूरदूरच्या वाटा पाठ होत्या. तिघांच्या तिन्ही वाटांनी भावाला शोधायचे हेमांगीने ठरवले. पक्षी पुढे उडाला, ती मागे चालली.

पहिल्या दिवशी वैतरणी आली. काठावर रत्नकेतू बसला होता. त्याला सावली नव्हती.

"हा नावेत बसला की नाव बुडू लागते," नावाडी म्हणाला. "बोटातली अंगठी फार जड आहे."

हेमांगीने भावाचा हात धरला. त्याने विचारले, "आपण कोण?"

"तुझी ताई."

"मला ताई होती?"

तिने डोळे पुसले आणि अंगठी ओढली. ती निघाली, मुठीत राख झाली, आणि भाऊ दिसेनासा झाला.

"कुठे गेला? घरी की पार?" ती ओरडली.

"मी फक्त वल्हे मारतो, बाई," नावाडी म्हणाला.

आपण त्याला सोडवले की घालवले, हा घोर घेऊन ती परतली.

दुसऱ्या दिवशी कालिंदीने मुळीचा रस पाजला आणि भर दुपारी हेमांगी स्वप्नात उतरली. तिथे रत्नकेतू सहा वर्षांचा होता आणि आंब्याच्या शेंड्यावर तरंगत होता.

"बाळा, खाली ये."

"खालीच आहे मी. तूच वर आहेस!"

तिने पाहिले, तर तिची पावले आभाळावर टेकली होती.

"ती अंगठी मला दे."

"मग मी कुठे जाईन?"

कालपासून तिला हेच कळत नव्हते. त्याच्याशी ती कधी खोटे बोलली नव्हती. "मला माहीत नाही," ती म्हणाली. पोराने क्षणभर विचार केला आणि हात पुढे केला. अंगठीचा धूर झाला.

तिसऱ्या दिवशी अचलनाथांनी तिला एका विहिरीशी नेले. पाण्यात राजाचा पलंग दिसला. पण पलंगावर ती स्वतः निजली होती, तिच्या बोटात काळी अंगठी होती, आणि रत्नकेतू उशाशी बसून रडत होता.

"यातले खरे काय?" तिने भारद्वाजाला विचारले.

"मला वाट कळते, ताईसाहेब. मुक्काम कळत नाही."

तिने आपलेच रिकामे बोट ओढले. कातडी सोलावी तशी कळ आली. पाण्यातली अंगठी निसटली आणि तळाला गेली.

धापा टाकत ती परतली तेव्हा सूर्य टेकला होता. राजाला चितेवर ठेवले होते आणि प्रधानाच्या हातात पलिता होता. तिने त्याचे मनगट धरले.

"कुठे सापडले महाराज?" तिघांनी एकदम विचारले.

"तिन्हीकडे. किंवा कुठेच नाही. मला कळले नाही."

तिने भावाचा हात उचलला. अंगठी आपोआप ओघळली, दगडावर पडली आणि दुभंगली. रत्नकेतू खोकला, उठून बसला आणि म्हणाला, "ताई, ही लाकडे कुणासाठी रचली?"

अंगठीचा शाप सरला. दुसऱ्या सकाळी नगारा झडला, दरबार भरला. ज्ञानी पुढे सरसावले. "महाराज, आपण होता कुठे?"

"काही आठवत नाही."

"पाहिलेत?" तिघेही एकमेकांना म्हणाले, आणि वाद पुन्हा सुरू झाला.

हेमांगीला मात्र झोप येईना. डोळे मिटायलाच ती भीत होती. राजा उठल्यापासून चौथ्या दुपारी तो दरबार सोडून तिच्या महालात आला.

"ताई, नीज आता."

"आणि जागी झाले ते दुसरीकडेच कुठे, तर?"

रत्नकेतूने तिच्या अंगावर शाल घातली, मुकुट काढून खाली ठेवला आणि तो पलंगाशी बसला. "कुठेही जागी झालीस, तरी हाक मार," तो म्हणाला. "मी उठणार नाही इथून."

ती निजली. प्रधान दोनदा दाराशी येऊन परत गेला. दिवेलागणीला तिने डोळे उघडले, भावाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "भूक लागली." राजाने ताट आपल्या हाताने वाढून आणले. राज्य त्या दिवसापासून सुखाने नांदले.