एकदाच बोलणारा

फार जुनी गोष्ट आहे. संगणकांच्या हिशेबात जुनी, म्हणजे सहा वर्षांपूर्वीची. मंदाकिनीबाईंच्या थकलेल्या लॅपटॉपवर एक नवी, हलकी लिनक्स नावाची संगणकप्रणाली राहायला आली. मेमरी थोडी, म्हणून पडद्याचा कारभार पाहणाऱ्या डेस्कटॉपने आतल्या छोट्या प्रोग्रॅमांची सभा भरवली. लॅपटॉप सुरू होताच पडद्यामागे कामाला कोणी कोणी बसायचं?

हवामानवाला म्हणाला, "मी दर दहा मिनिटांनी बातमी देतो. मला कोण काढणार?" त्याला कोणी काढलं नाही.

छपाईवाल्याला विचारलं, "घरात प्रिंटर आहे का?"

"नाही. पण उद्या आणला तर?"

हे सगळ्यांना पटलं.

शेवटी कोपऱ्यातला बॅटरीचा राखणदार उठला.

"तू दिवसभर काय करतोस?" डेस्कटॉपने विचारलं.

"बघत बसतो. बॅटरी संपत आली की एकदा सांगतो."

"एकदाच?" हवामानवाला खो खो हसला. "अशा बसून खाणाऱ्यांमुळेच तर यंत्रं जड होतात!"

राखणदाराला एकमताने घालवलं. प्रणाली किती हलकी झाली, म्हणून डेस्कटॉपने सर्वांचं अभिनंदन केलं.

त्याच दुपारी मंदाकिनीबाई आपल्या शाळेच्या आठवणी टाइप करत होत्या. चार पानं झाली होती, सेव्ह करायची राहिली होती. चार्जर हाताशीच पडला होता. हवामानवाल्याने उत्साहाने बातमी दिली, "पुढचे दोन तास लख्ख उजेड..." आणि पडदा काळाठिक्कर पडला.

बाईंनी लॅपटॉपला एक चापट मारली. "मेल्या, जाण्याआधी एकदा तरी सांगायचंस!"